एकास चौसष्ट

मानोऱ्यात उकंडराव खिल्लारे कोण, असं विचारलं तर माणूस जरा डोकं खाजवील. मोजणीवाले खिल्लारे म्हटलं की शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडील. छत्तीस वर्षं या गृहस्थानं जिल्हाभर लोकांच्या जमिनी मोजल्या. आधी साखळीनं, मग टेपनं, मग तिपाईवरच्या यंत्रानं, आणि नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत उपग्रहाशी बोलणाऱ्या एका काठीनं, जिच्यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. कारंजाला असताना धनजच्या दोन सख्ख्या भावांची मोजणी त्यांच्याकडे आली होती. एका धुऱ्यापायी, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधापायी, भावांनी एकमेकांची डोकी फोडली होती, आणि दोघेही डोक्याला पट्ट्या बांधूनच शेतात हजर झाले. सकाळी दहाला साखळी पडली, चारला हद्दीचा दगड बसला, आणि दोघे पट्टीवाले त्या दगडाकडे बघत गप्प उभे राहिले. उकंडरावांच्या मोजणीवर छत्तीस वर्षांत कुणी फेरमोजणी मागितली नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांची बायको अंजनाबाई सांगे, आणि ते शेजारच्या खोलीत ऐकू येईल अशा बेतानं बसत.

असा माणूस निवृत्तीनंतर शर्यतीच्या गाड्यांची छोटी मॉडेलं गोळा करायला लागला, तेव्हा आळीतल्या लोकांना वाटलं, पेन्शन डोक्यात गेली. तसं काही नव्हतं. याचं मूळ पोहरादेवीच्या यात्रेत होतं.

एका रामनवमीला त्यांना तिथं वाहनतळ आखायच्या कामाला लावलं होतं. दोन दिवस उन्हात राबून, दोरी धरून, काटकोनाला गुनिया लावून त्यांनी चुन्याच्या फक्कीनं चारशे चौकोन आखले. यात्रेच्या दिवशी जीपा आल्या, टेंपो आले, ट्रॅक्टर आले, आणि त्या चारशे चौकोनांपैकी एकातही एक गाडी सरळ उभी राहिली नाही. दुपारपर्यंत चुनासुद्धा दिसेना. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुण्याहून सुटीवर आलेल्या मुलानं, उत्कर्षनं, त्यांना मोबाइलवर परदेशातली एक मोटारशर्यत दाखवली. वीस गाड्या गुरगुरत आल्या आणि रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या चौकटींत नाक बरोबर रेषेला लावून उभ्या राहिल्या, आठ-आठ मीटरवर एक. उकंडराव खुर्चीत पुढं सरकले.

“थांब गा,” ते म्हणाले, “हे परत दाखव.”

शर्यत कोण जिंकलं याच्याशी त्यांना तेव्हा घेणंदेणं नव्हतं, आजही नाही. गाड्या सुटल्या की त्यांचा अर्धा जीव निघून जातो. त्यांना पाहायचं असतं ते गाड्यांचं उभं राहणं.

पहिली गाडी उत्कर्षनं पाठवली. पाच इंचांची, लाल. दुसरी मुलीनं, सपनानं, अकोल्याहून आणली. ती चांगली फूटभर लांब, इंजिनावरचं झाकण उघडणारी, चाकं वळणारी. तिसरी त्यांनी स्वतः मागवली, साडेतीन इंचांची, निळी. तिन्ही दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यात ओळीनं ठेवल्या, आणि तिथून उकंडरावांची दुपारची झोप उडाली. म्हैस, बकरी आणि कोंबडी एका दावणीला बांधल्यासारखा तो कप्पा दिसत होता.

“गाडी गाडीसारखी दिसते ना? मंग?” अंजनाबाईनं विचारलं.

“अवं, एका कागदावर तीन परिमानं नसतात.”

“हा कागद नाई, शोकेस हाये.”

बाई बरोबर बोलली होती, पण छत्तीस वर्षांची सवय बायकोच्या एका वाक्यानं जात नाही. नकाशाच्या कोपऱ्यात परिमाण लिहिलेलं असतं. एकास पाचशे, एकास चार हजार. म्हणजे कागदावरचं एक बोट जमिनीवरची किती बोटं, याचा तो शब्द असतो. एका कागदावर एकच शब्द चालतो. गाड्यांचंही तसंच निघालं. फूटभर गाडी म्हणजे खऱ्या गाडीचा अठरावा हिस्सा, एकास अठरा. लाल गाडी एकास त्रेचाळीस, निळी एकास चौसष्ट. आता पुढं गोळा करायच्या तर कुठल्या एका मापाच्या करायच्या, हे ठरवायचं होतं, आणि ते ठरल्याशिवाय चौथी गाडी घरात येणार नव्हती.

उत्कर्षनं त्यांना असल्या गाड्या जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं. तिथं याच प्रश्नावर रोज महाभारत चाललेलं. एकास अठरावाले म्हणत, आमच्या गाडीत स्टिअरिंगवरची बटणंसुद्धा मोजता येतात, बाकीची नुसती खेळणी. एकास त्रेचाळीसवाले म्हणत, गाडी तळहातावर मावली पाहिजे आणि नजरेतही भरली पाहिजे. एकास चौसष्टवाले फारसं बोलत नसत, नुसते फोटो टाकत, एकेका फोटोत दोनदोनशे गाड्या. पण सगळ्यांचं बोलणं शेवटी एका जागी येऊन थांबे: तुमच्याकडे कपाट किती मोठं आहे? कपाट बघा आणि माप ठरवा.

उकंडरावांना हा सल्ला म्हणजे जमीन न पाहता नकाशा काढण्यासारखा वाटला. गाडी कपाटात थोडीच पळते? गाडी रस्त्यावर असते. मग ज्या मापाची गाडी, त्याच मापाचा रस्ता पाहिजे. एवढा विचार झाला आणि पुढचं सगळं आपोआप ठरत गेलं. परदेशात कुठंतरी एक बंदराचं गाव आहे, तिथं गावातल्याच रस्त्यांवर शर्यत होते. घरं, दुकानं, वळणं, चढ, सगळं तसंच ठेवून. तो ट्रॅक त्यांना फार आवडला होता, कारण तो त्यांच्या धंद्यातला होता. त्यात गावठाण होतं. तो अख्खा ट्रॅक आपल्या घरामागच्या अंगणात आखायचा, गाडीच्याच मापानं, आणि त्यावर वीस गाड्या आपापल्या चौकटीत उभ्या करायच्या. मग जे माप अंगणात बसेल ते आपलं.

या अंगणाबद्दल थोडं सांगायला हवं. उकंडरावांचे वडील मोजणीच्या साहेबांमागं साखळी ओढायचे, रोजंदारीवर. उन्हाळाभर लोकांच्या शेतातून साखळी ओढून घरी येत तेव्हा त्या घरात कुणाच्या नावावर बोटभर जमीन नव्हती. उकंडराव परीक्षा देऊन साहेबांच्या जागी उभे राहिले, आणि नोकरीच्या मध्यावर त्यांनी मानोऱ्याच्या लेआउटमध्ये पन्नास बाय साठचा प्लॉट घेतला. खिल्लाऱ्यांच्या घराण्यात नावावर लागलेली ही पहिली जमीन. पुढं घर, मागं मुरूम टाकून चोपलेलं अंगण, आणि तिन्ही बाजूंनी नऊ इंची भिंत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीचे नकाशे काढले. आता एक नकाशा आपल्या जमिनीवर, आपल्यासाठी, आणि पक्क्या परिमाणात. म्हातारपणी माणसाला एवढीच इच्छा असावी हे काही वाईट नाही. पण ती त्यांना फार होती. जेवताना ताटातली चटणी बोटानं पसरून ते वळणं काढत.

उत्कर्षनं ट्रॅकचा उपग्रहावरचा फोटो छापून पाठवला. उकंडरावांनी जुनी ड्रॉइंगची पेटी काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि तीन दिवस बसून नकाशा तयार केला. ट्रॅकची जास्तीत जास्त लांबी नऊशे साठ मीटर, रुंदी चारशे वीस. मग भागाकार. एकास अठरा केला तर लांबी एकशे पंचाहत्तर फूट होत होती.

“मंग बसस्टँडात मांडा,” अंजनाबाई म्हणाली.

एकास त्रेचाळीसला त्र्याहत्तर फूट. तेही गेलं. लाल गाडीकडे बघून उकंडरावांना वाईट वाटलं, कारण ती मुलानं दिलेली होती आणि दिसायलाही तिन्हींत तीच देखणी होती. उरली एकास चौसष्ट. पंधरा मीटर, म्हणजे एकोणपन्नास फूट अडीच इंच. प्लॉटची रुंदी खरेदीखताप्रमाणं पन्नास फूट. दोन्ही भिंती आपल्याच हद्दीत घेतलेल्या, नऊ-नऊ इंच त्यांचे गेले. उरले साडेअठ्ठेचाळीस फूट. ट्रॅक साडेआठ इंचांनी बाहेर जात होता.

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, असं म्हणतात ते याला. उकंडरावांनी ट्रॅक तिरपा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. तिरप्यानं रुंदी घरात शिरत होती. फोनवर उत्कर्षला सांगितलं तर त्यानं अर्ध्या मिनिटात तोड काढली.

“बाबा, गाड्या एकास चौसष्टच घ्या. ट्रॅक तेवढा एकास सहासष्ट करा. आरामात बसते. कोनाले समजते?”

“मले समजते,” उकंडराव म्हणाले आणि फोन ठेवला.

याहून लहान, एकास सत्त्याऐंशीच्या गाड्या मिळतात असं ग्रुपवर कळलं. ट्रॅक मग छत्तीस फुटांत बसला असता. पण त्या मापात शर्यतीच्या गाड्या मोजक्याच, आणि एका सालच्या वीसच्या वीस तर नाहीतच. अठरा मिळाल्या असत्या तर उकंडरावांनी दोन चौकटी रिकाम्या ठेवल्या असत्या का, असं मी त्यांना विचारणार होतो, पण त्यांच्याकडे बघून विचारलं नाही.

महिनाभर ते घुम्यासारखे वावरले. शेवटी एका सकाळी त्यांनी ठरवलं की ट्रॅक नेमका कुठं कापला जातो ते तरी जमिनीवर पाहावं. कदाचित एखादं वळणच भिंतीत जात असेल, तर तेवढा नकाशा भिंतीवर रंगवता येईल. अंजनाबाईच्या हाती टेपचं एक टोक दिलं, खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि चुन्याची फक्की घेऊन ते डावीकडच्या भिंतीपासून आखत निघाले. रस्ता वीतभर रुंद. बंदराची बाजू झाली, चढ झाला, सर्वांत अवघड ते काटकोनाहूनही घट्ट, उलटं फिरणारं वळण झालं. साडेअकरापर्यंत ते उजवीकडच्या भिंतीशी पोचले. शेवटचं वळण आखलं आणि उभे राहिले.

ट्रॅक पुरा झाला होता. आणि भिंत अजून पावणेदोन फूट दूर होती.

“बसला!” अंजनाबाई टाळ्या वाजवत म्हणाली. “तुमी उगीच महिनाभर तोंड सुजवून बसले. मी उत्कर्षले फोन करतो.”

उकंडरावांनी हातातली फक्की खाली ठेवली. एक क्षण त्यांनाही आनंद झाला, अगदी पोटातून झाला, हे त्यांनी मागून कबूल केलं. पण तो क्षणभरच. त्यांच्या धंद्यात जमीन कमी भरली तर घाबरायचं कारण नसतं. कुणीतरी खाल्लेली असते, शोधलं की सापडते. जास्त भरली तर मात्र हातपाय गार पडतात. जमीन वाढत नाही. आपल्याकडे वाढली तर ती कुणाची तरी असते.

अंजनाबाई फोनवर आनंदानं ओरडत असताना त्यांनी एकट्यानं टेप परत धरला. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक्कावन्न फूट. साडेअठ्ठेचाळीस पाहिजेत. परत धरला. एक्कावन्न. मग ते सब्बल घेऊन उजव्या भिंतीच्या कोपऱ्यात, सीताफळाच्या झाडाखाली गेले, भिंतीपासून आत मोजून एका जागी उकरायला लागले. दीड वीत खाली दगड लागला. घडवलेला, डोक्यावर फुली कोरलेला. लेआउटचा हद्दीचा दगड. भिंत त्याच्या आतून जायला हवी होती, आणि ती पलीकडून, अडीच फूट सरकून, शेजारच्या मनकर्णाबाईच्या जागेत गेली होती.

हे कसं झालं ते समजायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. अकरा वर्षांपूर्वी भिंत बांधली तेव्हा ते मालेगावला बदलीवर होते. बांधणारा मिस्त्री उदयसिंग इमानदार माणूस. त्यानं फोन करून विचारलं, साहेब, दोरी कुठून धरू? त्यांनी सांगितलं, कोपऱ्यातल्या दगडापासून. त्या कोपऱ्यात दगड दोन होते. एक लेआउटचा, मातीत गेलेला. दुसरा लेआउटच्या आधी तिथं जे शेत होतं त्याच्या धुऱ्याचा, चांगला गुडघाभर वर आलेला. मिस्त्रीनं दिसला तो धरला. त्याची काय चूक?

आणि उकंडरावांनी स्वतः कधी मोजून पाहिलं नाही. हेच ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण त्यांचा एक नेम होता: आपली आणि आपल्या नात्यागोत्याची जमीन आपण मोजायची नाही. मेहुण्याच्या शेतालाही त्यांनी टेप लावला नव्हता, मेहुणा त्यापायी दोन वर्षं बोलत नव्हता. हात स्वच्छ राहावेत म्हणून पाळलेला नेम. त्या नेमानंच घात केला. तालुक्यात कुणाचा धुरा कुठं आहे हे झोपेत सांगणारा माणूस अकरा वर्षं दुसऱ्याच्या जागेत सीताफळं खात होता.

ही मनकर्णाबाई उजव्या हाताची शेजारीण. तिचं घर मागच्या अंगाला, आणि घरातून रस्त्यावर यायला तिनं आपल्या जागेत पाच फुटांची गल्ली सोडलेली, उकंडरावांच्या भिंतीलगत. तिचा नवरा शालिग्राम तीन वर्षांमागं वारला. शेतकरी माणूस, शांत, रस्त्यात भेटला की आधी हात जोडणारा. आता ती एकटीच असते.

उकंडरावांनी दगडावर माती लोटली आणि घरात आले. बायकोला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं, तर कुरिअर आलं. उत्कर्षनं आईचा फोन ऐकून त्याच दुपारी एका सालचा अख्खा संच मागवला होता. वीस गाड्या, एकास चौसष्ट, प्रत्येक वेगळ्या डबीत.

दुपारी उन्हं उतरल्यावर अंजनाबाईनं त्यांना हाताला धरून अंगणात नेलं. उकंडरावांनी साडेबारा सेंटिमीटरच्या अंतरावर वीस चौकटी आखल्या आणि एकेक गाडी ठेवली. वीस झाल्या. मग ते जमिनीवर पालथे झाले, गाल मुरमाला टेकवून एका डोळ्यानं त्यांनी ओळ पाहिली. एकही नाक रेषेबाहेर नव्हतं. रस्ता रस्त्याएवढा होता, गाडी गाडीएवढी. छत्तीस वर्षांत इतकी निर्मळ मोजणी त्यांच्या हातून झाली नव्हती, आणि ती जिथं मावली होती ती जागा त्यांची नव्हती.

ही भिंत कोण मोजणार होतं? मनकर्णाबाई मोजणीचा अर्ज करणार नव्हती. मोजणारा एकच माणूस होता आणि तो अंगणात पालथा पडला होता. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि एकदा येऊन गेला नाही, चांगला आठवडाभर मुक्कामाला राहिला. सकाळी ते गाड्या मांडत, संध्याकाळी डब्यांत भरत. आठव्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं.

अंजनाबाईनं चुन्याच्या रेघांकडे पाहिलं. “मंग काय करता?”

“भिंत मांगं घेतो.”

“आन् हे?”

“हे नाई मावत मंग. साडेआठ इंच.”

“पोरगा म्हनत व्हता ते सहासष्टचं...”

उकंडरावांनी नुसतं पाहिलं, तशी तिनं ते सोडून दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, “सारा गाव नका आखू. नुसती उभी राह्याची जागा आखा. तेवढी मावते ना?” तेवढी मावत होती. आठ-दहा फुटांचा तुकडा. उकंडराव म्हणाले, पाहू. पण त्यांचं लक्ष तिथं नव्हतं. त्यांना शेजारी जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची फारशी भीती वाटत नव्हती. चूक आपली, आपणच शोधली, आपणच सांगतो, आपल्या खर्चानं दुरुस्त करतो. असा शेजारी कुणाला मिळतो? मनकर्णाबाई आधी चकित होईल, मग म्हणेल, भाऊ, तुमच्यासारखा मानूस नाई. एवढं त्यांनी मनात धरलं होतं. माणूस कितीही सरळ असला तरी आपल्या सरळपणाचं कौतुक ऐकायला त्याचे कान टवकारलेलेच असतात.

त्यांनी वहीच्या कागदावर छोटा नकाशा काढला, भिंत लाल शाईनं दाखवली, धुतलेला सदरा घातला आणि गल्लीतून आत गेले. गल्लीत त्यांचा एक खांदा भिंतीला घासला.

मनकर्णाबाई दाराच्या पायरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. “या भाऊ,” म्हणून तिनं पाट सरकवला. उकंडराव बसले नाहीत.

“वयनी, माही भिंत चुकली. तुमच्या जागेत अडीच फूट आली हाये. म्या सोता मोजलं. पुढच्या आठवड्यात मिस्त्री लावून मांगं घेतो.” त्यांनी नकाशा पुढं केला.

तिनं नकाशा घेतला नाही. एक देठ खुडलं, दुसरं खुडलं. “मालूम हाये ना भाऊ.”

उकंडरावांना वाटलं तिला नीट समजलं नाही. “काय मालूम हाये?”

“भिंतीचं.”

“कवापासून?”

“बांधली तवापासून. आमच्या यायनं दुसऱ्याच दिवशी मोजली व्हती, पावलाले पाऊल लावून. पयले गल्लीत सहा पावलं भरत. मंग तीनच भरे.”

“मंग सांगतलं काहून नाई मले?”

“म्या म्हनलं व्हतं यायले, जा, साहेबाले सांगून या.” मनकर्णाबाईच्या आवाजात राग नव्हता, कालचं हवामान सांगावं तशी ती सांगत होती. “तर म्हने, ज्यानं साऱ्या तालुक्याची जमीन मोजली, त्याले म्या पावलानं मोजून सांगू काय? आपलंच चुकत असन. मंग रोज सकाळी मोजत. रोज तीनच. तरी म्हनत, माहं पाऊल वाढलं असन. म्या म्हनो, अवो, या वयात पाऊल वाढते काय?” ती जराशी हसली. “पन मानलंच नाई त्यायनं.”

उकंडराव उभेच होते. छत्तीस वर्षांत किती लोक असे आपलं पाऊल वाढलं समजून घरी गेले असतील, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

“मले गल्लीचं काई नाई, भाऊ. मी एकलीच येतो-जातो. एकाच गोष्टीचं वाटते. यायले नेलं तवा चौघांचे खांदे मावले नाई इथं. एक मोहरं, एक मांगं, आन् तिरपं करून न्या लागलं.”

ते उकंडरावांना माहीत होतं. पुढचा खांदा त्यांचाच होता. गल्लीच्या तोंडाशी तिरडी अडली तेव्हा त्यांनीच मागं वळून, सवयीच्या ठाम आवाजात सांगितलं होतं, जागा कमी हाये, जरा तिरपं घ्या. आणि लोकांनी घेतलं होतं, कारण जागेच्या बाबतीत मोजणीवाल्या खिल्लाऱ्यांचा शब्द लोक ऐकत. उकंडरावांना लाज वाटली. इतकी की आपण इथं कशाला आलो होतो, काय ऐकायच्या आशेनं आलो होतो, तेही त्यांना सहन होईना. त्यांनी नकाशा चुरगाळून मुठीत घेतला.

मग ते म्हणाले, “वयनी, शालिग्रामभाऊचं पाऊल वाढलं नव्हतं. बरोबर मोजलं व्हतं त्यायनं. तीनच भरते.”

मनकर्णाबाईचे हात थांबले. तिनं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“हे त्यायले सांगा लागत व्हतं, भाऊ,” ती म्हणाली, आणि पदराचं टोक डोळ्याला लावायला गेली, तर हाताला मिरची लागलेली होती, म्हणून तशीच बसून राहिली.